कोणता ठेका घ्यावा व कोणता नाकारावा
(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी पाठ)

शास्त्रभाग : अनुवाद २२:८, २४:१४, १५. नीतिसूत्रे ६:१-५. लूक ३:१०-१४, १४:२८-३०. प्रेषितांची कृत्ये १९:१८-२७.

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्ये एक वर्ग हळूहळू वाढत आहे. ह्या वर्गातील मनुष्य नोकरीत नसतो व दुसऱ्याच्या बांधावर रोजानेही जात नाही. तो काम स्वतःच्या अंगावर घेतो, चार माणसे जमवितो, काम पुरे करून देतो आणि हिशेब करून पैसे घेतो. कोणी गवंडीकामाचा, कोणी रंगाचा, कोणी विहिरीचा, कोणी ऊसतोडीचा, तर कोणी ट्रॅक्टरने माल वाहण्याचा असा धंदा करतो. ह्यास कोठे ठेका, कोठे मक्ता, तर मराठवाड्यात गुत्ते म्हणतात. हा वर्ग वाढावा अशीच आमची इच्छा आहे. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरी राहून तंबू करण्याचे काम करीत असे, हे उपदेशक बंधूंनी वर्गात अनेकदा शिकविले असेलच. स्वतःच्या हातांनी मिळविलेल्या भाकरीत कमीपणा नाही.

परंतु मजूर व ठेकेदार ह्यांच्यात एक मोठे अंतर आहे, तिकडे आपले लक्ष थोडे जाते. मजुरास धन्याने जे काम सांगितले ते तो करतो. ठेकेदार मात्र काम निवडतो. घ्यावयाचे की नाही, हे ठरविणे त्याच्या हाती असते. म्हणून धन्याने सांगितले होते, ही सबब त्यास उरत नाही. त्याच्या हाताखाली एखादा मेला, एखादीची मजुरी बुडाली किंवा शेजाऱ्याची विहीर आटली, तर देव त्यासच विचारील.

ही निवड किती मोलाची आहे हे आपणांस अधिक कळावयास पाहिजे. आपल्यांपैकी पुष्कळांच्या आजापणजांस काम नाकारण्याची मुभाच नव्हती. मेलेले जनावर ओढून नेणे, मयताची वर्दी गावोगाव पोहोचविणे, सरकारी माणसाचे ओझे वाहणे ही कामे जन्माबरोबर अंगावर येत, आणि त्यांचा मोबदला म्हणजे वतनाचा लहानसा तुकडा व दारोदार मिळणारी भाकर. ह्या वतनांविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा कायदा झाला. तेव्हा 'हे काम मी करीत नाही' असे म्हणण्याचा अधिकार आपल्या घरांत येऊन फार पिढ्या झालेल्या नाहीत. जो अधिकार वाडवडिलांस मिळाला नाही, तो आपण उचलीच्या चार नोटांसाठी गहाण टाकावा काय? ह्या पाठाचा सारा प्रश्न हाच आहे.

१. प्रारंभीच्या मंडळीची रीत

बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यास त्याचा धंदा विचारण्याची रीत फार जुनी आहे. रोम येथील हिप्पोलितस ह्याच्या नावाने ओळखला जाणारा 'प्रेषितीय परंपरा' हा प्राचीन नियमग्रंथ आहे. त्यात नव्याने शिकावयास येणाऱ्यांच्या धंद्यांची यादीच दिली आहे. कुंटणखाना चालविणारा, रिंगणात माणसे मारणारा, जादूटोणा करणारा अशांनी तो धंदा सोडावा, नाही तर त्यांस घेऊ नये, असा नियम आहे. मात्र त्याच यादीत, मुलांस जगातील विद्या शिकविणाऱ्या पंतोजीविषयी निराळी सवलत आहे. त्याने ते काम सोडणे बरे, पण त्यास दुसरा धंदा येत नसेल तर त्यास राहू द्यावे, असे म्हटले आहे. त्या मंडळीस भुकेची ओळख होती. तिने सर्व धंदे एका मापाने मोजले नाहीत.

सुमारे इ. स. २०० च्या काळात आफ्रिकेतील कार्थेज नगरीच्या तेर्तुल्यन नामक पंडितासमोर हाच प्रश्न आला. मूर्ती घडविणारे कारागीर ख्रिस्ती झाल्यावर म्हणत की, आम्हांस जगण्यास दुसरे साधन नाही. त्याने त्यांस दाखविले की, ज्या हातास गिलावा करता येतो त्यास छप्पर दुरुस्त करता येते, भिंत लिंपता येते, पाण्याचे टाके घोटून गुळगुळीत करता येते. कसब तेच राहते, केवळ काम पालटते. आजच्या ठेकेदारासही ह्यात मोठा आधार आहे. आपण ज्यास नको म्हणावयाचे ते आपले कसब नव्हे. त्या कसबाचा एक वाईट उपयोग तेवढा सोडावयाचा आहे.

शास्त्रातही हे दोन प्रकार दिसतात. जकातदार योहानाकडे आले, तेव्हा त्याने त्यांस नाका सोडावयास सांगितले नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. तो धंदा शुद्ध करता येण्याजोगा होता. उलट इफिसात जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके आणून सर्वांसमक्ष जाळली. त्यांची किंमत पन्नास हजार रुपये म्हणजे चांदीची नाणी भरली. त्यांस ती पुस्तके विकता आली असती, पण त्यांनी ती विकली नाहीत, हे ध्यानात घ्यावे. जे काम आपणांस अयोग्य ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधून आपण दलाली घ्यावी, ही वाट त्यांनी धरली नाही.

तर मग कोणता धंदा शुद्ध होण्याजोगा आणि कोणता सोडण्याजोगा, हे कसे ओळखावे? त्यासाठी आम्ही चार कसोट्या सुचवितो. काम अंगावर घेण्यापूर्वी, म्हणजे पैसे हाती पडण्यापूर्वी, त्या लावून पाहाव्या.

२. पहिली कसोटी : ह्या नफ्यात कोणाचा श्वास धरला आहे काय?

मैल्याची टाकी किंवा गटार माणूस आत उतरवून साफ करण्याचे काम ह्या कसोटीस उतरत नाही. टाकीत घाण कुजून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचतात व प्राणवायू कमी होतो. पहिल्या वायूस सडक्या अंड्यासारखा वास असतो. परंतु तो फार साचला म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच मारली जाते. म्हणून 'आता वास येत नाही, उतरा' असे म्हणणारा ठेकेदार माणसास मृत्यूच्या तोंडी देतो. दिवा सोडून पाहणेही घातक, कारण मिथेन पेट घेतो. आत पडलेल्यास काढावयास दुसरा उतरतो, त्याच्यामागून तिसरा, आणि एकाच घरातील दोघेतिघे जातात.

कायदाही स्पष्ट आहे. हाताने मैला उचलण्याच्या कामास मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने टाकीत वा गटारात अशा जीवघेण्या साफसफाईसाठी माणूस लावणे हा गुन्हा ठरविला आहे. पहिल्या अपराधास २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, १९९३ पासून अशा कामात मेलेल्यांच्या कुटुंबांस १० लाख रुपये द्यावे असे ठरविले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती रक्कम ३० लाख झाली. तथापि आपणांस दंडाहून मोठे कारण आहे. ह्या टाकीत उतरावयास बहुधा आपल्याच भावकीतील माणूस शोधला जातो. ज्या घाणीतून आपले लोक बाहेर निघाले, तिच्यात त्यांस पुन्हा ढकलण्याचे काम आपल्यांतील एखाद्याने रुपयासाठी करावे, ह्याहून लाजिरवाणे काय? पंपाने मैला उपसणारी गाडी मिळत असेल व कोणासही आत उतरवावयाचे नसेल, तर गोष्ट वेगळी. तसे नसेल तर हे काम सोडावे.

३. दुसरी कसोटी : माणूस बांधून ठेवावा लागतो काय?

ऊसतोडीची मुकादमी पुष्कळांस मानाची वाटते. तिची रचना पाहू. हंगामापूर्वी कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून मुकादम उचल घेतो. ती तो जोडप्यांस वाटतो. नवरा व बायको मिळून एक कोयता, असा हिशेब असतो. दिवाळीच्या सुमारास टोळी बीड वगैरे जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते, आणि टनाच्या भावाने तोडलेल्या उसातून उचल फेडून घेतली जाते. टोळीतील कोणी पळाला, आजारी पडला किंवा बाळंत झाली, तरी वरच्याचे देणे मुकादमाच्या डोक्यावर राहते. त्यामुळे सज्जन मुकादमही हळूहळू राखणदार होतो. तो आजाऱ्यास उठवितो, गरोदर बाईस फडात उभी करतो, उचल फिटली नाही म्हणून पुढील हंगामही लिहून घेतो. मुले शाळेतून निघून उसाच्या फडात जातात, हा ह्याच हिशेबाचा भाग आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न सर्व महाराष्ट्रात गाजला, व सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

शलमोनाच्या नीतिवचनांत परक्यासाठी हात मारून जामीन राहणाऱ्यास पाशात सापडलेल्या हरिणाची व पाखराची उपमा दिली आहे, आणि झोपही न घेता सुटून जावे असा सल्ला आहे. मुकादम हा असाच दुहेरी जामीन आहे. स्वतः पाशात असताना तो दुसऱ्यास पाशात ओढतो. उचलीच्या बदल्यात माणसाची जाण्यायेण्याची अथवा दुसरे काम धरण्याची मोकळीक काढून घेणे ही वेठबिगारी होय. १९७६ च्या कायद्याने ती रद्द झाली आहे. अशा बंधनाचे कर्ज कायद्याने नाहीसे होते, व ते सक्तीने वसूल करणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणून आमचे मत असे की, लोकांच्या उचलीस जामीन राहून त्यांच्या शरीराने ती वसूल करावी लागते अशी मुकादमी विश्वासणाऱ्याने घेऊ नये. जो आज तीत आहे त्याने निदान एवढे करावे : उचल एका हंगामात फिटेल इतकीच द्यावी, हिशेब लिहून प्रत्येकाच्या हाती द्यावा, आजारी व गरोदर ह्यांस कामावर ओढू नये, आणि कोणी जाऊ म्हटल्यास त्यास अडवू नये. एवढे करून मुकादमी टिकत नसेल, तर ती टिकण्यायोग्य नव्हती असे समजावे.

४. तिसरी कसोटी : काम झाल्यावर शेजाऱ्यापाशी काय उरते?

आपले तरुण हप्त्याने ट्रॅक्टर घेतात आणि रात्री नदीतून वाळू काढण्याचे काम धरतात. पैसा रोख मिळतो, हे खरे. परंतु वाळू नदीचे पाणी धरून ठेवते. ती उपसली म्हणजे पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणीही खाली जाते. रात्री ज्याने वाळू नेली त्याचीच आई उन्हाळ्यात हंडा घेऊन दूर जाते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये असे ठरविले की, लहान क्षेत्रातील वाळू व तत्सम गौण खनिजांच्या उपशासही पर्यावरणाविषयी परवानगी पाहिजे. चोरटी वाळू धरली गेली तर दंड होतो, वाहन जप्त होते, आणि हप्ता मात्र चालू राहतो. परवान्याची, पावतीसह वाळू दिवसा वाहणे हा निराळा धंदा आहे. त्यास आमची हरकत नाही.

हातभट्टीचा माल किंवा तिचे साहित्य वाहण्याचे कामही ह्याच सदरात येते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने १०० हून अधिक माणसे मेली. तीत मिथेनॉल होते. ह्या विषाने मनुष्य मरतो, आणि वाचला तरी त्याची दृष्टी जाऊ शकते. शेजाऱ्यास मद्य पाजणाऱ्यावर हबक्कूक संदेष्ट्याने 'हाय हाय' उच्चारली आहे. 'आम्ही केवळ डबे पोहोचविले, पाजले नाही' हे उत्तर न्यायासनापुढे टिकेल असे आम्हांस वाटत नाही.

५. चौथी कसोटी : मजुरी वेळेवर देता येईल काय?

मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे, कारण त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. आता बांधकामात असे होते की, मोठा ठेकेदार काम घेतो, तो ते दुसऱ्यास देतो, दुसरा तिसऱ्यास, आणि तिसरा आपल्या गावच्या मिस्त्रीस. पैसा तीन हातांतून झिरपत खाली येतो. काम चांगले, कायदेशीर, कोणास इजा नाही, तरीही ते घेण्याजोगे नसेल.

हिशेब करून पाहा. समजा, १० माणसे आहेत व प्रत्येकास दिवसाचे ६०० रुपये. दिवसाचे ६,००० झाले, सहा दिवसांच्या आठवड्याचे ३६,०००. वरच्याने पैसे सहा आठवड्यांनी दिले तर तोवर २,१६,००० रुपये मिस्त्रीने घरचे घालावे लागतात. ते नसतील तर तो सावकाराकडे जाईल किंवा मजुरांस उद्या या म्हणेल. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब न करणाऱ्याची गोष्ट प्रभूने सांगितली. ती शिष्यपणाविषयी आहे, तथापि तिच्यातील व्यवहार खरा आहे. म्हणून घेण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्या : माप काय, दर काय, आणि कोणत्या दिवशी किती पैसे. पैसे आठवड्याच्या आठवड्याला मिळावे असे ठरवावे. लिहून देण्यास जो कचरतो, त्याचे काम घेऊ नये. राजाने शेजाऱ्यांकडून फुकट काम घेऊन घर बांधले, म्हणून यिर्मयाने त्याचा धिक्कार केला. तेथे राजा होता, येथे मिस्त्री असेल, पण मजुराची चूल दोन्ही ठिकाणी सारखीच विझते.

६. केवळ कठीण म्हणून काम सोडू नये

ह्या कसोट्यांवरून कोणी असे समजू नये की, धोक्याचे प्रत्येक काम वर्ज्य आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीस कठडा कर, म्हणजे कोणी पडून रक्तपाताचा दोष घरास लागणार नाही, अशा अर्थाची आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. देवाने गच्ची बांधू नका असे सांगितले नाही. कठडा बांधा असे सांगितले. उंचावरचा रंग, विहिरीचे काम, दगड फोडणे ही कामे अवघड आहेत. ज्या विहिरीत बरेच दिवस कोणी उतरले नाही तिच्यातही दूषित हवा साचते. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेल्याने सिलिकोसिस होतो, व तो बरा होत नाही. ह्या कामांत पट्टा, मजबूत परात, पाण्याचा फवारा, हवेची तपासणी हा आपला कठडा होय. त्याचा खर्च दरात धरण्यास धनी कबूल असेल तर काम घ्यावे. तो 'कठड्यावाचून करा, स्वस्त करा' म्हणेल तर घेऊ नये. काम सोडावे की धरावे, हे पुष्कळदा ह्या एका प्रश्नावरून कळते.

७. दोन आक्षेप

पहिला : 'मी नाही घेतला तर दुसरा घेईलच.' घेईल, हे खरे. परंतु आपला हिशेब त्या दुसऱ्याच्या वहीत लिहिला जात नाही. शिवाय गावातील दोन चांगल्या ठेकेदारांनी टाकीत माणूस उतरविण्यास नकार दिला म्हणजे धन्यास गाडी बोलवावी लागते, हेही घडते.

दुसरा : 'पोटाचे काय?' हा आक्षेप खरा आहे, व जो भरल्या पोटी तो हसण्यावारी नेतो त्याने हा पाठ शिकवू नये. म्हणूनच नकाराची तयारी आधी करावी. चांगल्या महिन्यात थोडे बाजूस ठेवावे. अवजारे कर्जाने घेऊ नयेत, किंवा एका हंगामात फिटेल एवढ्याच कर्जाने घ्यावी. हाती दोन कसबे असावी, म्हणजे एक बंद पडल्यास दुसरे चालते. ज्याच्या डोक्यावर हप्ता नाही त्याच्या तोंडी 'नाही' हा शब्द सहज येतो. उचल घेतलेल्याने मात्र तो शब्द आधीच विकलेला असतो.

८. मंडळीचे कर्तव्य

शेवटी आम्ही मंडळीच्या पंचांस व वडिलांस सांगतो. एखाद्या बंधूने वाईट ठेका नाकारला तर त्यास शाबासकी देऊन घरी पाठवू नये. मंदिराची डागडुजी, विश्वासणाऱ्यांच्या घरांचे काम असेल ते प्रथम त्याकडे द्यावे. आणि आपण स्वतः धनी असतो तेव्हा कसे वागतो, हेही पाहावे. मंदिराच्या आवारातील टाकी कोण व कशी साफ करतो? मंदिर रंगविणाऱ्याची मजुरी वर्गणी जमेपर्यंत तटते काय? कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते व ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोब लिहितो. ती ओरड मंदिराच्या भिंतीतून उठू नये, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.

विचारावयाचे प्रश्न :
१. योहानाने जकातदारांस नाका सोडावयास का सांगितले नाही?
२. इफिसकरांनी पुस्तके विकली असती तर काय बिघडले असते?
३. आपल्या गावात कोणते ठेके चालतात? प्रत्येकास चारही कसोट्या लावून पाहा.
४. वाईट काम नाकारणाऱ्या बंधूस आपली मंडळी पुढील महिन्यात कोणते काम देऊ शकेल? नाव व काम ठरवूनच वर्ग सोडावा.